बक्कल नंबर दोनशे एकोणीस

आण्णा,

तुमच्या मृत्यूच्या नोंदीचा अर्ज बाबांनी भरून ठेवला आहे. नाव, गोविंद बापू नगरकर. धंदा, निवृत्त एसटी कंडक्टर. वय, अंदाजे. एक रकाना तेवढा कोरा आहे, 'कायमचं गाव'. "हे तूच भर," बाबा म्हणाले. "तुम्हा आजोबा-नातीची भानगड आहे ती, मला त्यातलं काही कळत नाही." अर्ज उद्या सकाळी नगरपालिकेत द्यायचा आहे आणि तो घेऊन मीच जायचं आहे. कचेरीत कसं बोलायचं ते मला येतं, असं आईचं मत आहे. ते तुमच्यामुळे येतं. बाकीच्या मुली आजोबांबरोबर देवळात जातात. मी दोन वर्षं तुमच्याबरोबर पोलीस कचेरीत गेले.

सुरुवात शिरगणतीपासून झाली. तुमच्या खोलीत मी डबा घेऊन आले होते आणि दारात शिरगणतीचे मास्तर मांडीवर कागद घेऊन बसले होते.

"जन्मगाव?"

"पोलीस लाईन."

"आजोबा, ते गाव नाही."

"अहो मास्तर, मी साठ वर्षं तेच म्हणतोय."

मास्तरांनी 'अहमदनगर' असं लिहिलं आणि ते पुढच्या घरी गेले. तुम्ही मात्र दिवसभर त्या एका शब्दावर रागावलेले होता. मला राग कळला नाही. मी शाळेत 'नेटिव्ह प्लेस'पुढे अहमदनगरच लिहीत आले होते आणि त्याने माझं काही बिघडलं नव्हतं. तेव्हा तुम्ही मला गाव म्हणजे काय ते सांगितलंत. जिथे आपलं सुतक धरणारी माणसं असतात ते गाव. आपण मेलो की जी माणसं दहा दिवस गोडधोड करत नाहीत, लग्नकार्य करत नाहीत, दहाव्याला डोकं भादरतात, ती भावकी. मुलीला, म्हणजे माझ्या आईला, तीन दिवसांचं. मुलीच्या मुलीला नावापुरतं. "म्हणजे मी मेलो," तुम्ही म्हणालात, "की चौथ्या दिवशी सगळ्या जगाला शिरा खायची मोकळीक."

तुम्ही हसत होता. मी डब्यातली भाजी वाढत होते आणि माझ्या लक्षात आलं की ही थट्टा नव्हे.

तुमची हकीकत मी आईकडून तुकड्यातुकड्यांनी ऐकली होती, तुमच्याकडून सबंध त्या दिवशी ऐकली. तुमचे वडील नगरला पोलीस शिपाई होते. तुम्ही पहिलं पाऊल टाकायच्या आधीच ते तापाने गेले. तुमच्या आईला साहेबांच्या घरचं धुणं मिळालं आणि लाईनीतली एक खोली राहू दिली. तिने नवऱ्याचं नाव कधी तोंडाने घेतलं नाही. बायका घेतच नसत. पण ती 'हे' किंवा 'आमचे' असंही म्हणत नसे, ती नंबर सांगायची. मी दोनशे एकोणिसांची बायको. दोनशे एकोणिसांना वांगं आवडत नव्हतं. दोनशे एकोणीस असते तर तुझे कान उपटले असते. तुम्हांला शाळेत घालायला नेलं तेव्हासुद्धा तिने मास्तरांना बक्कल नंबरच सांगितला. शेवटी शेजारच्या हवालदारांच्या बायकोने सांगितलं की लाईनीत त्यांना सगळे बापू म्हणायचे. म्हणून दाखल्यावर 'गोविंद बापू'. गावाचं नाव काढलं की तुमची आई उठून कामाला लागायची. तुम्ही अकरा-बारा वर्षांचे असताना तीही गेली आणि गाव तिच्याबरोबर गेलं. आडनाव तुम्ही पुढे नोकरीसाठी स्वतःच लावलंत. नगरकर. मी म्हटलं, नगरमध्ये राहणाऱ्याला नगरकर कोण म्हणतं? नगर सोडून जाणाऱ्याला म्हणतात. तुम्ही म्हणालात, "ऐका. मॅडम बोलल्या."

मॅडम हे माझं नाव इंग्रजी शाळेमुळे पडलं होतं. दुसरं एक वाक्य तुम्ही माझ्याविषयी सगळ्यांना सांगत असायचा. "आमच्या मॅडमचं तोंड उघडायलासुद्धा दाखला लागतो." मला ते आवडत नसे. खोटं नव्हतं म्हणून मी काही बोलत नसे.

आपण आधी जुन्या शिरगणतीच्या मागे लागलो. तुमची कल्पना अशी की इंग्रजांनी तुमच्या वडिलांना कुठेतरी नावगावासकट लिहून ठेवलं असणार. तसं नव्हतं. जुन्या शिरगणतीत माणसं मोजलेली होती, तालुक्यांची बेरीज होती, नावं नव्हती. मग नगरपालिकेचं मृत्यूचं रजिस्टर. तुमच्या जन्मानंतरच्या दोन वर्षांत लाईनीत पुष्कळ जण तापाने गेले होते. बऱ्याच ठिकाणी नुसतं 'पोलीस शिपाई, पुरुष' एवढंच. मग पोलीस कचेरी. तिथले कारकून आधी तुम्हांला बसवून ठेवायचे. पुढे मला इंग्रजी हस्ताक्षर वाचता येतं हे कळल्यावर मला बसायला खुर्ची मिळाली आणि तुम्ही माझ्यामागे उभे. बाहेर आल्यावर तुम्ही म्हणालात, "जन्मभर लोकांना जागा दिली. आज नातीनं माझी घेतली."

शिपायांच्या हजेरीपटात तो नंबर सापडला. बक्कल नंबर दोनशे एकोणीस, भिवा बिन लक्ष्मण, राहणार बाभूळदरे, तालुका कर्जत. एवढीच ओळ होती. साल असलेला कोपरा वाळवीने खाल्लेला होता. तुम्ही मला ती ओळ पुन्हा पुन्हा वाचायला लावलीत. मग खिशातून रुमाल काढून चष्मा पुसलात, आणि घालायच्या ऐवजी खिशात टाकलात.

कर्जतला जाताना तुम्ही एसटीत मागे कंडक्टरच्या जागेशेजारी बसलात. तो कंडक्टर तरुण होता, त्याच्या मांडीवर तुमचीच जुनी तिकिटांची पेटी होती. वर पांढऱ्या रंगात छप्पन्न आकडा. तुम्ही निवृत्त झालात आणि पेटी त्याला मिळाली. तुम्ही पेटीवर टिचकी मारून म्हणालात, "छप्पन्न, सांभाळ रे. झाकण डाव्या बाजूनं उघडतं." तो म्हणाला, "आण्णा, डेपोत मला पण छप्पन्नच म्हणत्यात आता. तुमच्या नावानं शिव्या पडत्यात." गाडीतले लोक हसले, तुम्ही सगळ्यांत जास्त. रस्त्याला दुतर्फा शेतं उघडी पडली होती. त्या वर्षी पाऊस दडी मारून बसला होता, पुढच्या वर्षी तर आलाच नाही.

बाभूळदऱ्याला विचारत विचारत त्या घरी पोचलो तर दगडूकाका ओट्यावर दोर वळत बसले होते. तुमच्याहून दोन-तीन वर्षांनी लहान, डोळे मात्र फार तल्लख. तुम्ही गावात शिरल्यापासून काय बोलायचं ते पाठ करत होता आणि ऐन वेळी नुसतं म्हणालात, "दोनशे एकोणीस."

काका वळायचे थांबले. "भिवाचुलता? पोलिसातला? त्येच्या मनिऑर्डरीवर ह्योच नंबर आसायचा. तुमी कोन?"

"त्यांचा मुलगा असावा, असं वाटतं."

"वाटतं म्हंजी? आसलं काय वाटण्यावर आसतं का?" ते उठले, तुमच्यासमोर येऊन उभे राहिले आणि बराच वेळ बघत राहिले. त्यांचा चुलता तरुणपणी नगरला पोलिसात गेला तो परत आला नव्हता. तिकडेच गेला एवढा निरोप आला होता. लग्न केलं का नाही, पोरंबाळं होती का, कुणाला ठाऊक नव्हतं. काकांनी घरात हाक मारली, "अगं, भाकरी टाका. भिवाचुलत्याचं घर आलंय." त्यांच्या बायको, हौसाकाकू, पिठाच्या हातानेच बाहेर आल्या आणि तशाच तुमच्या पाया पडल्या. जेवताना काकांनी तुम्हांला विचारलं, "वांगं खाता न्हवं?" तुम्ही म्हणालात, "आमच्या वडिलांना आवडत नव्हतं." काकू म्हणाल्या, "मग ऱ्हाऊ द्या, पिठलं करते." तुम्ही वांगं खाल्लंत, दोनदा मागून घेतलंत.

परतीच्या गाडीत मी तुमच्याकडे पाहायचं टाळलं. असा आनंद जवळून बघू नये असं मला वाटतं.

पुढचं वर्ष तुम्ही बाभूळदऱ्याला जात-येत होता. दुष्काळ होता, त्यांच्याकडे देण्यासारखं काही नव्हतं, तरी परत येताना तुमच्या पिशवीत शेंगांची मूठ असायचीच. आणि मग पोलीस कचेरीतून निरोप आला की भिवा बिन लक्ष्मण यांचा नोकरीचा कागद दुसऱ्या गठ्ठ्यात सापडला आहे. मी एकटीच गेले आणि त्याची नक्कल घेऊन तुमच्या खोलीवर आले.

आधी तुम्हांला आवडेल ते वाचलं. उंची पाच फूट सहा इंच. तुम्ही भिंतीला टेकून उभे राहिलात आणि मला पेन्सिलीने तेवढ्या उंचीवर खूण करायला लावलीत. रंग गव्हाळ. डाव्या भुवईवर व्रण. तुमचा हात आपोआप भुवईकडे गेला. मग मी भरतीची तारीख वाचली.

"परत वाच."

मी परत वाचली. त्या वर्षी तुम्ही शाळेत दुसरीत होता. तुमचे वडील जाऊन तोवर सहा-सात वर्षं झाली होती.

मी समजावून सांगायला लागले. तुम्ही हात वर केलात. "पेटी," एवढंच म्हणालात. तुम्हांला माझ्या आधी कळलं होतं. माणूस गेला की नंबर मोकळा होतो आणि नव्या माणसाला देतात. एसटीत चाकरी केलेल्याला हे कुणी सांगायला नको होतं. आणि तरी आपण दोघं एका नंबरामागे चालत कर्जत तालुक्यात जाऊन पोचलो होतो, कारण एका बाईने जन्मभर नवऱ्याचं नाव घेतलं नाही.

"त्यांना सांगायला हवं," मी म्हटलं.

"सांगायचंच."

"लगेच."

"तू फार तारखा बघतेस."

"तिकिटावर तारीख नसेल तर ते तिकीट नाही, असं तुम्हीच म्हणता."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी एवढं लांब वाक्य तुमच्याशी वादात कधी बोलले नव्हते. "पोळ्याला जाणारच आहे," तुम्ही म्हणालात. "तेव्हा सांगतो."

पोळ्याहून तुम्ही आलात. मी विचारलं, सांगितलं? "बैल सजवत होते ते. अशा वेळी काय सांगायचं?" दसऱ्याला गेलात. "आपट्याची पानं हातात देतोय माणूस, आणि मी काय तारीख देऊ?" दिवाळीत म्हणालात, "हौसा आजारी आहे." संक्रांतीला तर सरळ म्हणालात, "तिळगूळ घे, गोड बोल."

मी गोड बोलले नाही. एरवी आठवड्यातून एकदा डबा द्यायला यायचे, ती आता दोनतीनदा यायला लागले. मला हे बरोबर वाटत नव्हतं. ते लोक दुष्काळात तुम्हांला भाकरी घालतात ती भिवाचुलत्याचा मुलगा म्हणून, आणि तुम्ही ते नव्हे. मी म्हटलं, तुम्ही खोट्या नावावर जेवता. तुम्ही म्हणालात, "मी नाव सांगितलंच कुठे? नंबर सांगितला. नंबर खरा आहे." मी म्हटलं, ही पळवाट झाली. तुम्ही म्हणालात, "मग वकील हो. तुझ्यासारखी मॅडम कोर्टात शोभेल." एकदा मी जिना उतरून गेले आणि अर्ध्या वाटेवरून परत आले, कारण मला आणखी एक मुद्दा सुचला होता. तुम्ही दार उघडंच ठेवलं होतं. चहाचं आधणही. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही.

वाद तसाच राहिला, कारण उन्हाळ्यात तुम्ही गेलात.

बाबांनी अग्नी दिला. त्याआधी घरात प्रश्न निघाला की कर्जतला कळवायचं का. आईला खरं काय ते माहीत नव्हतं, ती म्हणाली, अर्थात. बाबा म्हणाले, तार पोचेपर्यंत सगळं आटपेल. मी सरळ एसटी स्टँडवर गेले. कर्जतच्या गाडीत छप्पन्न होता. मी म्हटलं, आण्णा गेले. बाभूळदऱ्याला दगडूकाकांना निरोप पोचवा. त्याने पेटी सीटवर ठेवली आणि टोपी काढली. मग म्हणाला, "ताई, मी सोता जातो. फाट्यावरनं सायकल घेतो." का कळवते आहे हे माझं मलाच ठरवता आलं नव्हतं. त्यांना कळायला हवं, इतकंच. ते आले तर आता सगळं सांगून टाकावं लागेल, असंही एक मनात होतं. तुमचं राहिलेलं काम म्हणून.

दगडूकाका संध्याकाळी आले. दाराबाहेर बसून राहिले, पाणीही न घेता परत गेले. दहाव्याला पुन्हा आले, सीनेच्या काठी. नदीत पाणी नव्हतं. टाकीवरून बादल्या आणून माणसं आंघोळ करत होती. काका आणि त्यांची दोन्ही मुलं न्हाव्यापुढे ओळीने बसली. काकांचे पांढरे केस थोडेच होते, लगेच झालं. धाकट्या मुलाचे कुरळे, दाट होते आणि ते खाली पडताना तो सरळ समोर बघत होता.

मी पर्समध्ये त्या कागदाची नक्कल आणली होती. ते उन्हात डोकं पुसत बाभळीखाली बसले तेव्हा मी जवळ गेले.

"काका, एक सांगायचं आहे."

"सांग की. बस आधी."

"आण्णांचे वडील आणि तुमचे चुलते..."

"येगळे. व्हय. ठावं हाय."

मी खाली बसले.

"पोळ्यालाच सांगितलं त्येनी," काका म्हणाले. "मी बैलाच्या शिंगाला हिंगूळ लावत हुतो. मला म्हनलं, दगडू, मी तुझा कुनी न्हाई. मी म्हनलं, आण्णा, आदी शिंग धरा, रंग वघळतोय." ते थोडं हसले. "मग रातच्याला बसून बोललो. ह्यांचा बाप मेला तवा त्यो पट्टा काढून घेतला आसंल का न्हाई सरकारनं? आन आमच्या चुलत्याच्या कमरंला बांधला. त्योच पट्टा, त्योच बिल्ला. आता एका पट्ट्याची दोन मानसं म्हनल्यावर काय भावकी मोडायची का काय? हौसा तर म्हनली, मी पाया पडलीया, आता ते माघारी घेता येत न्हाई."

"पण मला ते म्हणाले, सांगितलं नाही."

"व्हय, त्ये बी सांगितलं. म्हनलं, दगडू, पोरीला कळू देऊ नगंस. ती कुनाशी बोलत न्हाई. ह्या एका गोष्टीवर भांडाया येती, तेवढीच येती. मिटलं तर यायची न्हाई." काकांनी पंचा पिळला. "लई कौतुक हुतं त्यांना. आज काय म्हनली, उद्या काय म्हननार, सगळं सांगायचे."

मी नक्कल पर्समधून बाहेर काढली नाही.

जाताना काकांच्या धाकट्या मुलाने माझ्या आईला सांगितलं की त्याच्या बहिणीचा साखरपुडा याच आठवड्यात ठरला होता, तो पुढे ढकलला आहे. पाहुण्यांकडचे थोडे कुरकुरले. "पर सुतकात कसा करनार?" तो म्हणाला. हे त्याने तक्रार म्हणून सांगितलं नाही. गाडीची वेळ विचारावी तसं सांगितलं.

तुम्ही पोळ्यापासून संक्रांतीपर्यंत माझ्याशी खोटं बोललात. कधी बैल, कधी आपटा, कधी आजारी काकू. मला अजून थोडा राग आहे. माझ्याशी बोलत बसायला तुम्हांला भांडण उकरून काढावं लागलं, याचा जास्त. न भांडताही मी आले असते का, हा प्रश्न तुम्ही मला विचारला असता तर मी काय उत्तर दिलं असतं, ते मला माहीत नाही. तुम्हांला बहुतेक माहीत होतं. म्हणून तुम्ही विचारलं नाहीत आणि चहाचं आधण ठेवत राहिलात.

तुमच्या वडिलांचं गाव आपल्याला सापडलं नाही. ते कुठे तरी असणार. तिथे तुमची रक्ताची भावकी असेल, आणि गेले दहा दिवस त्यांनी तुमच्या नावाने काहीही पाळलेलं नाही.

अर्ज माझ्यासमोर आहे. मी पेनात शाई भरली आहे. तुमच्या खोलीच्या भिंतीवर पाच फूट सहा इंचांची पेन्सिलीची खूण अजून आहे. ती तुमच्या डोक्याच्या बरीच वर होती. तुम्ही टाचा उचलल्या होत्या हे मी तेव्हाच पाहिलं होतं, आणि बोलले नव्हते.

कायमचं गाव: बाभूळदरे, तालुका कर्जत.

अक्षर स्वच्छ काढलं आहे. उद्या हे रजिस्टरात चढेल आणि खरं होऊन बसेल. पुढे कधी कुणी तुमचा माग काढत आलं तर ते चुकीच्या गावी जाईल. जाऊ दे. तिथे त्याला जेवायला घालतील.